टोलनाक्यावर गेलेला वेळ पुढे गाडी पळवून भरून निघत नाही

प्रश्न थोडक्यात असा होता की टोल भरून हायवेने जायचं ते वेळ वाचावा म्हणून, तरी प्रत्येक नाक्यावर रांग, मध्येच काही कारण दिसत नसताना गाड्या ठप्प, आपण जी लेन पकडू ती हमखास स्लो, आणि पोचेपर्यंत गाडीतल्या सगळ्यांची डोकी तापलेली. यावर काही उपाय आहे का, तक्रार करून काही उपयोग होतो का, की मुकाट्याने सोसायचं?

उपाय आहे, फक्त बहुतेक लोक तो जिथे शोधतात तिथे तो नाहीये. मी वाहतूक इंजिनिअर आहे. किती बूथ लागतील, रांग कुठवर जाईल, नाक्यानंतर रस्ता कसा आवळत न्यायचा, हे हिशोब करण्यात बरीच वर्षं गेली आणि नाक्याच्या कंट्रोल रूममध्ये कॅमेऱ्यांसमोर बसून गाड्या बघण्यातही. तिथे बसलं की एक गोष्ट लख्ख दिसते, की रांगेत वैतागलेला माणूस बॅरियर उघडल्या उघडल्या गाडी सुसाट सोडतो, गेलेला वेळ भरून काढायला. आणि तो वेळ भरून निघतच नाही.

साधा हिशोब करा. पुढचा नाका 40 किलोमीटरवर आहे असं धरा. ताशी 100 ने गेलात तर 24 मिनिटं, 120 ने गेलात तर 20. म्हणजे एवढी जोखीम घेऊन, एवढं इंधन जाळून, शेजारच्याला ब्रेक मारायला लावून तुम्ही कमावली 4 मिनिटं, आणि तीसुद्धा रस्ता पूर्ण मोकळा मिळाला तर. पुढच्या नाक्यावर एका माणसाचं कार्ड चाललं नाही की ती संपली. लांबच्या प्रवासातला वेळ धावण्यात जात नाही, थांबण्यात जातो, म्हणून डोकं लावायचं ते थांबण्यावर.

आता नाक्यावर नक्की होतं काय ते बघू. हायवेची एक लेन चांगली वाहती असेल तर तासाला साधारण 2000 गाड्या नेते. पैसे हातात घेऊन सुट्टे परत देणारा बूथ तासाला साधारण 350 गाड्या सोडतो. म्हणजे तीन लेनच्या रस्त्यावरून 6000 गाड्या येत असतील तर रोखीचे 18 बूथ लागतील, तेही सगळे उघडे आणि सगळे न अडखळता चालणारे. टॅगवाली लेन बॅरियर असूनही याच्या तिप्पट तरी काम करते. बॅरियरच नसेल, वर कमानीवर नुसते कॅमेरे आणि अँटेना असतील, तर नाका असा उरतच नाही, रस्ता वाहत राहतो. हे काही स्वप्न नाही, कॅनडात टोरंटोजवळचा हायवे 407 हा 1997 पासून असाच चालतो, तैवानने 2013 च्या शेवटी आपल्या फ्रीवेवरचे सगळे नाके बंद करून कमानी लावल्या, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स टर्नपाइकवर 2016 मध्ये बूथ गेले. हे तंत्रज्ञान जुनं आहे, सिद्ध झालेलं आहे, त्यामुळे ज्या गर्दीच्या रस्त्यावर अजूनही माणसाला खिडकीतून हात बाहेर काढावा लागतो तिथे प्रवाशाचा राग रास्तच आहे असं मी मानतो. पैसे वेळेसाठी मोजलेत, वेळ मिळत नाहीये.

पण सगळा दोष बूथवर टाकू नका, कारण अर्धी गंमत बूथच्या पुढे आहे. 18 तोंडातून सुटलेल्या गाड्यांना काहीशे मीटरमध्ये परत तीन लेनमध्ये बसायचं असतं, आणि त्या नरसाळ्यात सगळे एकमेकांच्या नाकासमोर घुसायला लागले की रस्ता आपल्या नेहमीच्या क्षमतेएवढ्याही गाड्या नेत नाही, थांबत-सुटत चाललेल्या गाड्यांमुळे 5 ते 15 टक्के क्षमता तिथेच सांडते. मी कितीतरी वेळा बघितलंय की मागे रांग लागलीय म्हणून आणखी बूथ उघडले आणि रांग फक्त नाक्याच्या मागून उचलून नाक्याच्या पुढे गेली. तिथे करायचं काय, तर आपली लेन संपेपर्यंत सरळ जायचं आणि टोकाला एक तुझी एक माझी असं आलटून पालटून शिरायचं. जर्मनीत तर हा वाहतुकीचा नियमच आहे. आधीच घाबरून मध्ये शिरणारा आणि शेवटी अंगावर गाडी घालून शिरणारा, दोघंही मागच्यांना सारखंच ब्रेक मारायला लावतात.

आणि टोल काढून टाकला तरी गर्दी जात नाही हेही खरंय. चीनने 2012 पासून मोठ्या सुट्ट्यांमध्ये लहान गाड्यांना एक्सप्रेसवेवर टोल माफ केला आणि त्याच सुट्ट्यांत तेच रस्ते तुंबले, कारण सगळे एकाच दिवशी निघाले.

इथेच माझं मुख्य सांगणं येतं: निघायची वेळ. बाकी सगळ्या युक्त्या एकीकडे आणि ही एकीकडे. कसं ते नीट समजून घ्या, कारण एकदा हे कळलं की चिडचिड बरीच कमी होते. समजा नाका तासाला 2000 गाड्या सोडू शकतो आणि दोन तास 2500 येतायत. दोन तासांनी मागे 1000 गाड्या साठल्या, म्हणजे शेवटच्या माणसाला अर्धा तास रांग. आता गर्दी कमी झाली, तासाला 1800 च यायला लागल्या. तरी नाका मागची शिल्लक तासाला फक्त 200 ने कमी करतोय, म्हणजे ते 1000 संपायला पाच तास! दोन तासांची गर्दी पाच तास पुरते. म्हणून दुपारी उशिरा तुम्ही तिथे पोचता, रस्त्यावर फारशा गाड्या नाहीत, तरी रांग आहे, आणि तुम्हाला वाटतं की नाक्यावरची माणसं झोपलीत. झोपलेली नसतात, सकाळचं देणं फेडत असतात.

याचा दुसरा अर्थ जास्त कामाचा आहे. गर्दी वाढत असताना तुम्ही अर्धा तास उशिरा पोचलात तर नाका ओलांडायला अर्धा तास नाही, वरच्या आकड्यांनी साडेसदतीस मिनिटं उशीर होतो, कारण मधल्या वेळात आणखी लोक तुमच्या पुढे जाऊन उभे राहिले. म्हणून सुट्टीच्या दिवशी सकाळी घरातून निघताना जी अर्ध्या तासाची घालमेल होते, कुणाची पिशवी राहिली, कुणाचं आवरायचंय, ती पुढे व्याजासकट वसूल होते. सामान आदल्या रात्री गाडीत भरा, एवढं एक केलंत तरी पुरे. आणि ब्रेक घ्यायचा असेल तर गर्दी वाढत असताना नाक्याच्या आधी थांबू नका, नाका ओलांडून थांबा. लोक बरोब्बर उलटं करतात, पुढे जाम दिसतोय ना, मग चला आधी जरा उतरू, आणि परत रस्त्यावर येतात तेव्हा जाम दुप्पट झालेला असतो. याला अपवाद दोनच, ड्रायव्हरला झोप येत असेल किंवा मुलांना बाथरूमला जायचं असेल, तेव्हा हिशोब करत बसायचं नाही, थांबायचं.

फ्रान्समध्ये हे लोकांना सांगायची पद्धतच आहे. बिझाँ फ्यूते नावाची सरकारी सेवा 1976 पासून सुट्टीचे दिवस हिरवे, नारिंगी, लाल आणि काळे असे रंगवून आधीच जाहीर करते, काळा दिवस म्हणजे शक्यतो निघूच नका. तरीही फेब्रुवारी 1980 मध्ये हिवाळी सुट्टीवरून परतणाऱ्यांची ल्योंपासून पॅरिसच्या दिशेने 175 किलोमीटरची रांग लागली होती, त्यात हवामानही खराब होतं. तेव्हा तुमच्याकडे असा रंगीत कॅलेंडर नसेल तर स्वतःच करा: लांब सुट्टीच्या पहिल्या दिवशी सकाळची मधली वेळ आणि शेवटच्या दिवशी दुपारनंतरची वेळ, या दोन टाळा.

आता ते कारण नसताना लागणारे जाम. पुढे अपघात असेल असं वाटतं, पंधरा मिनिटं सरकत सरकत जातो आणि मग एकदम रस्ता मोकळा, कुठे काही नाही! 2008 मध्ये जपानमध्ये युकी सुगियामा आणि सहकाऱ्यांनी याचा प्रयोग केला होता, 230 मीटरच्या गोल ट्रॅकवर 22 गाड्या, सगळ्यांना सांगितलं ताशी 30 च्या आसपास एकसारखी चालवा. ना नाका, ना सिग्नल, ना वळणावर कुणी आडवं आलं. थोड्याच वेळात आपोआप एक जाम तयार झाला आणि तो गाड्यांच्या उलट दिशेने साधारण ताशी 20 च्या वेगाने मागे मागे फिरत राहिला. कुणीतरी जरासा ब्रेक दाबतो, मागचा जवळ असतो म्हणून जरा जास्त दाबतो, त्याच्या मागचा आणखी जास्त, आणि काही गाड्यांनंतर कुणीतरी पूर्ण उभा राहतो. तुम्ही पोचता तोवर पहिला ब्रेक मारणारा कितीतरी किलोमीटर पुढे गेलेला असतो, त्याला कळतही नाही.

म्हणून पुढच्या गाडीला चिकटून चालवू नका, दोन सेकंदांचं अंतर ठेवा. यावर सगळे एकच उत्तर देतात, की अंतर ठेवलं की लोक घुसतात. घुसू द्या ना! एक गाडी तुमच्या पुढे घुसली की तुमचं नुकसान दोन सेकंदांचं. पूर्ण प्रवासात 30 जण घुसले तर एक मिनिट. त्या एका मिनिटाच्या बदल्यात तुम्ही तासन्‌तास ब्रेकवर पाय नाचवत बसत नाही, मागच्यांनाही ती ब्रेकची लाट पोचत नाही, आणि अचानक गाड्या थांबल्या तर तुमच्याकडे जागा असते. मागे बसलेल्यांना गाडी लागण्याचं प्रमाणही यामुळेच कमी होतं, हे मुलं घेऊन जाणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवा.

आपलीच लेन स्लो का, हे तर प्रत्येकाचं दुखणं. पहिली गोष्ट, तीन रांगा असतील आणि सगळ्या सारख्याच असतील तर तुमची रांग सगळ्यात फास्ट निघण्याची शक्यता तीनात एक, म्हणजे बहुतेक वेळा शेजारची एक तरी पुढे जाणारच. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. 1999 मध्ये डोनाल्ड रेडेलमायर आणि रॉबर्ट टिबशिरानी यांनी दाखवलं की दोन्ही लेनचा सरासरी वेग सारखा असला तरी शेजारची लेन फास्ट वाटते. कारण तुम्ही पुढे जाता तेव्हा शेजारच्या गाड्या एकमेकींना खेटून उभ्या असतात, दहा गाड्या तुम्ही काही सेकंदात मागे टाकता. तुम्ही उभे असता तेव्हा त्याच दहा गाड्या लांब लांब अंतर ठेवून एकेक करत तुमच्या शेजारून जातात, त्याला कितीतरी वेळ लागतो. म्हणजे मागे पडण्यात जास्त वेळ जातो, पुढे जाण्यात कमी, हिशोब मात्र बरोबरीचा. शिवाय मागे टाकलेल्या गाड्या दिसेनाशा होतात, आणि पुढे गेलेल्या डोळ्यासमोर राहून छळतात. कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर मी असा गाडीवाला बघायचो, डावीकडे उजवीकडे घुसत घुसत नाक्यापर्यंत येणारा, आणि त्याच्या सुरुवातीच्या लेनमध्ये त्याच्या पुढे असलेला मोठा ट्रक बरेचदा त्याच्या जोडीनेच बूथवर लागायचा.

मग बूथची रांग निवडायची कशी? लांबी बघू नका, ड्रायव्हर मोजा. एका ट्रकच्या लांबीत तीन गाड्या मावतात, पण ट्रक म्हणजे एकच व्यवहार आणि तीन गाड्या म्हणजे तीन. ट्रक सुटायला जड असतो म्हणून तो दोन धरा, तरी ट्रकवाली रांग दिसते तेवढी वाईट नसते. रोख आणि टॅग दोन्ही चालतं अशी मिश्र लेन मात्र टाळा, तिथे सरासरीपेक्षा अनिश्चितता जास्त असते. कडेचे बूथ बऱ्याचदा रिकामे असतात कारण लोक आले तसे मधल्याच बूथमध्ये सरळ शिरतात. आणि एकदा रांग पकडली की पकडली.

ट्रकवरून आठवलं, एक ट्रक दुसऱ्याला ओव्हरटेक करतोय आणि मागे आपण सगळे अडकलोय, हा वैताग का होतो? युरोपात मोठ्या ट्रकना 90 चा स्पीड लिमिटर असतो. एक 90 ने जातोय, दुसरा 88 ने. फरक ताशी 2 किलोमीटरचा, दोघांची लांबी आणि पुढची मागची जागा धरून 100 मीटर कापायचे, म्हणजे तब्बल 3 मिनिटं, तेवढ्यात दोघं साडेचार किलोमीटर पुढे गेले. त्याला हॉर्न वाजवून किंवा लाइट मारून वेग वाढणार नाही, त्याच्या हातात तो नाहीच. तुमची 3 मिनिटं जातात, त्यातली खरी हानी मिनिटभराची, कारण तुम्हीही फार तर थोडेच जोरात गेला असता.

अ‍ॅपने सुचवलेल्या आडवाटेबद्दल: अ‍ॅप बऱ्याचदा आत्ताची रांग बघून सांगतं, आणि तुम्ही 60 किलोमीटर मागे असाल तर पोचेपर्यंत ती रांग वेगळीच असते. शिवाय तोच रस्ता बाकीच्यांनाही सुचवलेला असतो आणि सिग्नल असलेल्या छोट्या रस्त्यात हायवेची गर्दी मावत नाही. पाच-सात मिनिटं वाचवायला एक्झिट घेऊ नका. पुढे अपघाताने रस्ताच बंद असेल तर लगेच घ्या, वाट बघत बसू नका.

थकव्याबद्दल मात्र मी कडक बोलणार आहे. सलग 17 तास जागं असलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाएवढी मंदावते, 1997 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात हे दिसलंय. युरोपातल्या व्यावसायिक ट्रकचालकांना साडेचार तास चालवल्यावर 45 मिनिटं थांबणं कायद्याने बंधनकारक आहे, ज्यांचं रोजचं कामच ते आहे त्यांना. मग ऑफिस करून, रात्री पॅकिंग करून, पहाटे निघालेल्या घरच्या ड्रायव्हरने सात-आठ तास सलग चालवण्यात कसला पराक्रम? थांबत-सुटत चालवणं मोकळ्या रस्त्यापेक्षा जास्त थकवतं, त्यामुळे जामचे तासही चालवण्याचेच तास मोजा. कॉफीचा असर व्हायला वीसेक मिनिटं लागतात, तेवढीच डुलकी काढा, दोन्ही मिळून खरंच उपयोग होतो. पहाटे 2 ते 6 आणि दुपारी जेवणानंतरचा वेळ शरीरच झोप मागतं, रात्री रस्ता रिकामा मिळतो म्हणून निघणाऱ्यांनी हे आधी धरावं.

गाडीत भांडणं होतात ती बहुतेक पोचायची वेळ आधी कबूल केल्यामुळे. पाच तासांत पोचतो असं सांगू नका, पाच ते सात म्हणा. तिकडे कुणी ताटकळत नाही, आणि साडेसहा तासांत पोचलात तरी कुणाला उशीर झाल्यासारखं वाटत नाही. किती वेळ लागेल हे माहीत नसलेली रांगच सगळ्यात जास्त छळते, म्हणून मुलांनाही खरं सांगा की अजून अर्धा तास आहे, आलंच आलंच म्हणू नका.

टॅगचं काम घरीच उरका. बॅलन्स बघा, जुन्या गाडीचा टॅग डॅशबोर्डमध्ये पडलेला असेल तर काढा कारण दोन टॅग असले की रीडर गोंधळतो. काही गाड्यांच्या काचेला ऊन रोखणारा धातूचा पातळ थर असतो, त्यातून टॅगचा सिग्नल जात नाही, अशा काचेत आरशाच्या मागे ठिपक्यांची एक जागा बिनथराची सोडलेली असते, टॅग तिथेच लावायचा. टॅग हातात धरून खिडकीबाहेर हलवणाऱ्यांपैकी कितीतरी लोकांचा दोष एवढाच असतो.

आणि जाम लागला की कडेची इमर्जन्सी लेन, तिच्यात शिरू नका, कितीही मोकळी दिसली तरी. जर्मनी-ऑस्ट्रियात गाड्या थांबायला लागल्या की डावीकडच्या लेनने डावीकडे आणि बाकीच्यांनी उजवीकडे सरकून मध्ये वाट मोकळी ठेवायची असते, ऑस्ट्रियाने 2012 मध्ये तो नियमच केला. जामच्या टोकाला कुणीतरी पत्र्यात अडकलेलं असू शकतं, आणि त्याच्याकडे जाणारी अँब्युलन्स ज्याने पाच गाड्या पुढे जायला ती जागा अडवली त्याच्या मागे उभी असते. हे मी स्क्रीनवर बघितलंय, सायरन चालू आणि चाकं थांबलेली, आणि आपण खोलीत बसून काहीच करू शकत नाही.

शेवटी तक्रारीबद्दल, कारण तुम्ही विचारलंय की करून उपयोग होतो का. होतो, पण नाक्यावर फार गर्दी होती असं लिहून होत नाही. गर्दीच्या वेळी बूथ बंद ठेवणं हा नाका चालवणाऱ्यांचा दोष आहे आणि तो सिद्ध करता येतो, कारण प्रत्येक लेनमधल्या प्रत्येक व्यवहाराची वेळ सिस्टीममध्ये नोंदलेली असते. दिशा, तारीख, रांगेत लागल्याची आणि नाका ओलांडल्याची वेळ, लेनचा नंबर, किती बूथ बंद होते, आणि शेजारी बसलेल्याने काढलेला फोटो, एवढं लिहा. गाडी चालवणाऱ्याने फोटो काढायचा नाही. असं पत्र आलं की त्या तासाची नोंद काढून बघावीच लागते, आणि एकाच तासाबद्दल अनेक पत्रं आली की पुढच्या सुट्टीला माणसं वाढवली जातात, हे मी आतून झालेलं बघितलंय.